सगळ्यांचा नंबर गुरुवारी

उंद्री
शुक्रवार, ३ एप्रिल

मधू,

तुझी मेल आल्यापासून मी घरात नुसत्या येरझारा घालतेय. आई म्हणाली, "काऊन अशी फिरून राह्यली? बस ना एका जागी." बसले, तर पाय हलायला लागले. मग तिने मला सरळ अंगणात हाकललं.

फोन करत नाही, कारण घरात फोनला रेंज नाही, नुसतं वायफाय आहे, आणि गच्चीवर गेलं की अख्खी गल्ली कान टवकारते. नोकरीचं अजून कुणाच्या कानावर जायला नकोय मला. आईला माहीत आहे, तेवढं पुरे. बाकी आपलं कॉलेजातल्यासारखं लिहून चालू दे.

तर तुझ्या कंपनीत एक जागा आहे, १६ तारखेला गुरुवारी दुपारी बारा वाजता ऑनलाइन मुलाखत आहे, आणि मुलाखतीत मी स्वतः उभा केलेला बॅकएंडचा स्टार्टर प्रोजेक्ट दाखवायचा आहे. इथवर कळलं. पुढचं नाही कळलं. परीक्षेत एपीआय म्हणजे काय यावर मी पानं भरभरून लिहिलंय, तुला माहीत आहे. पण काल रिकामं फोल्डर उघडून बसले आणि पहिली फाइल कुठली करायची तेच सुचेना. स्वतःचाच राग आला.

डिग्री होऊन दोन वर्षं झाली, मधू. दोन वर्षं मी गावाचे ऑनलाइन फॉर्म भरतेय. लोक चहा पाजतात, पोरगी हुशार आहे म्हणतात आणि निघून जातात. ही जागा हुकली तर मी इथेच फॉर्म भरत म्हातारी होणार. हे नाटक नाही, मला खरंच भीती वाटते.

विषय मात्र सुचलाय. आईच्या महिला गटाचं ओले गहू वाटायचं मशीन आहे. उन्हाळ्यात कुरडयांसाठी त्यावर नंबर लावावे लागतात आणि दरवर्षी भांडणं होतात. मागच्या वर्षी नंबरावरून दोन जावा भांडल्या, त्या अजून एकमेकींकडे बघत नाहीत. गटाची अध्यक्ष आई, म्हणून सगळं तिच्या डोक्यावर. नंबर लावायचं काम पडद्यामागच्या बॅकएंडला दिलं तर?

लवकर लिही. मला बसवत नाही.

निशी


पुणे
रविवार, ५ एप्रिल

निशे,

आधी पाय हलवणं बंद कर. मुलाखतीत कॅमेरा हलतो.

विषय चांगला आहे, पण आमच्या साहेबांना मशीन बघायचं नाहीये, तुझी शिस्त बघायचीय. स्टार्टर प्रोजेक्ट म्हणजे नवीन घरातला रिकामा ओटा. भाजी नंतर. आधी डबे कुठे, गॅस कुठे, पाणी कुठून येणार ते ठरव. एक फोल्डर पत्त्यांचं, म्हणजे बाहेरून कुणी काय विचारलं की कुठे जायचं. एक नियमांचं, एक डेटाबेसचं. एक पत्ता असा ठेव की त्यावर विचारलं तर सर्व्हरने फक्त "चालू आहे" एवढंच म्हणायचं. आणि एक पान लिही, ज्यावरून नवीन माणसाला प्रोजेक्ट सुरू करता आला पाहिजे.

आता महत्त्वाचं. सेटिंगची फाइल वेगळी ठेवायची. पासवर्ड, खाती, मेसेज खरंच पाठवायचे की नुसतं दाखवायचं, हे सगळं त्यात. ती फाइल कुणालाही पाठवायची नाही. प्रत्येकाची आपापल्या लॅपटॉपवर आपापली. ही चूक केलीस तर साहेब पहिल्या मिनिटाला फुली मारतील.

आणि प्रोजेक्ट सुरू केल्यावर रिकामा दिसू नये म्हणून थोडी खोटी नावं भरून ठेव, खोटे फोन नंबर, खोटी तारीख. काहीही भर, पण खोटं भर.

तू इथे आलीस ना, तर मला संध्याकाळी जेवायला कुणीतरी असेल. खोलीत एकटीने भात खाऊन कंटाळलेय मी. त्यामुळे हे काम माझंही आहे असं समज.

मधू


उंद्री
गुरुवार, ९ एप्रिल

मधू,

चाललं! "चालू आहे" असं उत्तर आलं तेव्हा मी एवढ्याने ओरडले की आई चुलीवरचं सोडून धावत आली. तिला दाखवलं. तिने डोळे बारीक करून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. "ह्याच्यासाठी सहा दिस जेवली नाही व्हय?"

तिला कसं सांगू की ह्या दोन शब्दांसाठी डेटाबेसने मला किती रडवलं. एकदा पासवर्ड चुकला, एकदा दार, म्हणजे पोर्ट, चुकलं, एकदा सगळं बरोबर होतं आणि लाइटच गेली.

आता नंबर लावता येतो, बघता येतो, रद्द करता येतो. नंबर लागला की त्या बाईला आपोआप मेसेज जातो, गटाच्या अध्यक्षांच्या नावाने. माझ्या सेटिंगमध्ये मेसेज बंद आहेत, नुसते पडद्यावर दिसतात. भरायची नावं, नंबर सगळं भरलंय. तारीख-वेळ सगळ्यांना एकच टाकलीय, गुरुवार १६, सकाळी सात, म्हणजे मुलाखतीच्या दिवशी पडद्यावर आजचे नंबर म्हणून छान भरगच्च दिसतील. सेटिंगची फाइल सोडून बाकी सगळं तुझ्याकडे पाठवलंय. तू तुझ्या लॅपटॉपवर सुरू करून बघ आणि चुका काढ. दयामाया नको.

मी रोज तारीख बघते. तारीख जागची हलत नाही आणि मला तर झोपच येत नाही.

निशी


पुणे
रविवार, १२ एप्रिल

निशे,

आज सुट्टी, म्हणून सकाळी डोकं धुऊन तुझंच काम घेऊन बसले. चुका काढायला बसले होते, पण फारशा सापडल्या नाहीत, त्यामुळे थोडी चिडलेच.

तुझ्या पानावर लिहिलंय तसं एकेक केलं आणि प्रोजेक्ट पहिल्या फटक्यात उठला. आमच्याकडे चार-चार वर्षं काम केलेल्यांचे उठत नाहीत. नावांनी तर मजा आणलीस. अन्नपूर्णाबाई, बेबीताई, धम्मशीला, रुख्मिणी! आम्ही इथे "टेस्ट एक, टेस्ट दोन" असली मरतुकडी नावं भरतो. तुझी यादी वाचताना वाटलं, बायका आत्ता पदर खोचून भांडायला येतील.

मेसेजही चालतात. माझ्या सेटिंगमध्ये मेसेज चालूच असतात, मला कामाला लागतात म्हणून खातं काढून ठेवलंय. सुरू केल्याबरोबर धडाधड गेले. "आपला गहू वाटण्याचा नंबर गुरुवारी सकाळी सातला. तयारीने यावे. शालूबाई, अध्यक्ष." एक गंमत दिसली. खोट्या फोन नंबरांपुढेही "पोचला" असं येतंय. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीचा काहीतरी घोळ असेल, मुलाखतीत कुणी विचारणार नाही.

आता काही नवीन घालू नकोस. हात बांधून बस. बुधवारी लवकर झोप.

मधू


उंद्री
बुधवार, १५ एप्रिल

मधू,

हात बांधून बसणं मला जमलेलं नाही. दोनदा सगळं पुसून पुन्हा उभं केलं, न बघता जमतंय का ते पाहायला. जमतंय.

तुझ्या मेलमधलं कौतुक मी रविवारपासून इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय, पुढचं नुसतं चाळलं. "पहिल्या फटक्यात उठला." आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, मग आता तरी जेव.

गल्लीत भिजल्या गव्हाचा आंबूस वास सुटलाय, घरोघरी. तुला बुलढाण्यात कुरडया विकत घ्यायची सवय, म्हणून सांगते. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा. त्या दिवशी वाटला नाही तर ह्या उन्हात तो हातचा जातो. यंदा सगळ्यांनी एकदमच काढलेलं दिसतंय. गंमत म्हणजे कुणी काही बोलत नाहीये. एरवी गहू भिजवला की बायका गावभर सांगत फिरतात. मी आपली वास नको म्हणून दार लावून बसलेय.

एक सांगायचं राहिलं होतं. रागावू नकोस. ती नावं मी मनाने केलेली नाहीत, गटातल्याच बायका आहेत. फोन नंबरही त्यांचेच. खोटं नाव लिहिलं की मला पुढचं सुचेचना, कोण ही बाई, तिचा गहू किती, ती का भांडेल. खरी नावं टाकली आणि हात चालायला लागला. मेसेज बंद आहेत म्हणून काही बिघडलं नाही. मुलाखत झाली की काढून टाकते.

आता फोन बंद करून ठेवते. उद्या बारा वाजता. देव पाण्यात घालून बस.

निशी


पुणे
बुधवार, १५ एप्रिल, संध्याकाळ

निशी, फोन चालू कर, गच्चीवर ये. बारा वेळा लावला.

मेसेज तुझ्याकडे बंद आहेत. माझ्याकडे चालू होते. रविवारी मी प्रोजेक्ट सुरू केला तेव्हा ते तुझ्या बायकांना खरोखर गेले. "पोचला" म्हणजे पोचला. सगळ्यांना, उद्या सकाळी सात, तुझ्या आईच्या नावाने. तुझा तो वास त्याचाच आहे.

ही मेल वाचलीस की आधी आईला उठव आणि सांग.

मधू


उंद्री
शुक्रवार, १७ एप्रिल

मधू,

तुझी मेल मी गुरुवारी सकाळी पाहिली तेव्हा सात वाजत आले होते आणि आई मशीनचं शेड झाडायला निघून गेली होती. मी तशीच चप्पल न घालता पळाले.

गल्लीत काय दिसलं सांगू? अन्नपूर्णाबाई पातेल्यावर पदर झाकून हळूच घराबाहेर पडत होत्या. समोरून धम्मशीलाताई डोक्यावर बादली घेऊन. "कुठं निघाल्या?" "काही नाही, सहज." "मीबी सहजच." पुढच्या वळणावर रुख्मिणीकाकू घमेलं घेऊन, तीही सहज. शेडपाशी पोचेपर्यंत अख्खा गट सहज जमला होता. सगळ्यांच्या हातात तीन दिवस भिजलेला गहू, आणि मशीन एक.

मग मला कळलं की तीन दिवस कुणी चकार शब्द का काढला नाही. प्रत्येकीला वाटलं होतं, शालूबाईने पहिला नंबर आपल्यालाच दिलाय, गुपचूप. बोलून कशाला दाखवायचं, दुसरीच्या पोटात दुखेल. धम्मशीलाताई तर आईच्या तोंडावरच म्हणाल्या, "मले वाटलं, तुम्ही माह्यावर मेहेरबानी केली. म्हणून म्या घरात बी सांगतलं नाही."

बेबीताईंनी फोन आईच्या नाकासमोर धरला. "हे काय हाय, शालूबाई? तुमचं नाव हाय ना?"

आईने फोन हातात घेतला, मेसेज वाचला आणि मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. तिला समजलं होतं. गेला आठवडाभर मी तिच्याच शेजारी बसून ही नावं बडबडत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "हाव, म्याच धाडला. म्हणलं यंदा साऱ्या मिळून करू. आता भांडत बसान तं गहू आंबून जाईन."

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! शेवटी गहू वाचवायचा म्हणून मशीन सुरू झालं. दहाला लाइट गेली. मग घरोघरचे पाटे-वरवंटे बाहेर आले, आणि बायका वाटत होत्या आणि आईला बोलत होत्या. मी दोनदा पुढे झाले. दुसऱ्यांदा आईने माझं मनगट असं आवळलं की अजून दुखतंय. हळू आवाजात म्हणाली, "तू घरी जाय. तुहा टाइम झाला. आता बोलशीन तं मलेच खोटं पाडशीन."

आणि मी गेले, मधू. तोंड धुतलं, केस विंचरले, बारा वाजता लॅपटॉपसमोर बसले, लाइट नव्हती म्हणून वायफायही बॅटरीवर. खिडकीतून पाट्यांचा आवाज येत होता म्हणून खिडकी लावली. तुमच्या साहेबांनी विचारलं, सेटिंगची फाइल ह्यात का दिसत नाही? मी म्हटलं, ती प्रत्येकाची आपापली असते. ते म्हणाले, छान.

बेबीताईंचा गहू आंबला, तो गुरांना घातला. बाकीच्यांचं कसंबसं झालं. आई दिवेलागणीला घरी आली आणि तिने एवढंच विचारलं, "झाली का चांगली?"

मला स्वतःची लाज वाटते.

निशी


पुणे
शुक्रवार, २४ एप्रिल

निशे,

झालं! साहेबांनी आज सांगितलं, तुझी निवड पक्की. सोमवारी ४ मे ला रुजू व्हायचं. कंपनीचं पत्र तुला संध्याकाळपर्यंत येईल. तुझ्या प्रोजेक्टचा सांगाडा त्यांनी सगळ्या टीमला दाखवला, म्हणाले, नवीन कामं ह्याच्यावरूनच सुरू करू. मी जागेवरून उठून बाथरूममध्ये जाऊन रडले.

दुसऱ्या गोष्टीबद्दल. मी आठवडाभर धड झोपले नाही. सुरू करायचं बटण मी दाबलं. नावं खरी आहेत हे तू सांगितलं नाहीस, आणि "पोचला" दिसूनही मी डोकं चालवलं नाही. आपण दोघी सारख्याच मूर्ख. पण शालूकाकूंनी ते निस्तरलंय. त्यांनी एवढं केलं ते तू इथे यावीस म्हणून. आता तू बोललीस तर त्यांचं केलेलं पाण्यात जाईल. गप्प राहा, बॅग भर, ये. काकूंना मी आल्यावर भेटेन आणि पाया पडेन.

खोलीत दुसरी गादी आणून ठेवलीय. उशी तुझी तू आण, इथल्या दगडासारख्या आहेत.

काकू कशा आहेत? त्याबद्दल तू काहीच लिहीत नाहीस.

मधू


उंद्री
शुक्रवार, १ मे

मधू,

लिहीत नव्हते कारण लिहायला हात होत नव्हता. सोमवारी गटाची बैठक झाली आणि आईला अध्यक्षपदावरून काढलं. आता बेबीताई अध्यक्ष आहेत. मशीन आलं तेव्हापासून किल्ली आईच्या कमरेला होती. ती तिने स्वतः काढून दिली आणि घरी येऊन म्हशीला पाणी पाजलं, काही झालंच नाही असं. मी बोलायला गेले तर म्हणाली, "मी अध्यक्ष राह्यली काय अन् नाही काय, मले इथंच राह्यचं हाय. तुले जायचं हाय. तोंड मिटून जाय."

तूही तेच लिहिलंस. तीन दिवस मी तोंड मिटून बघितलं. घरात बसवेना, शेतात करमेना, बॅगेत कपडे ठेवायचे आणि काढायचे. काल दुपारी शेवटी शेडवर गेले. अन्नपूर्णाबाई, धम्मशीलाताई, बेबीताई मशीन धूत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नावं मी टाकली, मेसेज पुण्याहून गेला, आईला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

कुणी हातातलं काम थांबवलं नाही. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "आमाले गुरुवारीच समजलं व्हतं."

मी म्हटलं, कसं?

"तुही माय कवा मेसेज धाडते का? तिले काही सांगायचं असलं तं ती वेशीतून हाका मारते. अन् तू तिथंच उभी व्हती, पांढरीफट."

"मग तिला का काढलं?"

धम्मशीलाताईंनी हात पुसले. त्या रागात नव्हत्या, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, "मशीन साऱ्याइची हाय, निशा. अध्यक्ष बी साऱ्याइची पाह्यजे. तुह्यापायी ती आमच्या तोंडावर खोटं बोलली. उद्या माह्या पोरीपायी बोलन का? नाही ना बोलनार. मंग? तू त्याच टायमाले म्हणली असती ना, मावशी, माह्याच्यानं चुकलं, तं आम्ही दोन शिव्या घातल्या असत्या अन् हासलो असतो."

मी विचारलं, आता मी सांगितलंय, आता आईला परत घ्याल का? बेबीताई म्हणाल्या, आता ठराव झाला. आणि मशीनच्या जाळीतला अडकलेला कोंडा काढायला लागल्या.

म्हणजे बघ मधू, त्या दिवशी एक वाक्य बोलले असते तर आईची किल्ली वाचली असती. नोकरीही गेली नसती, फार तर मुलाखतीला दहा मिनिटं उशीर झाला असता. मला घाई झाली होती. इथून निघायची इतकी घाई की आईने खोटं बोलून दार उघडून दिलं आणि मी मागे न बघता बाहेर पडले.

घरी येऊन आईला सांगितलं. ती कणीक मळत होती. मला वाटलं रडेल, किंवा जवळ घेईल. ती भडकली. "दोन दिस राह्यले व्हते तुहे! दोन दिस दम निघाला नाही? मंग म्या कायले दिली किल्ली?"

मी म्हटलं, आई, मला असं नसतं जाता आलं.

"जाता येते," ती म्हणाली. "साऱ्याच जातात. म्या नाही आली का इथं, माह्या मायले रडत टाकून? म्या मागं पाह्यलं असतं तं मले बी नसतं येता आलं."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. बॅग मात्र तिनेच भरलीय, उशीसकट, आणि मला उघडू देत नाहीये.

उद्या संध्याकाळी चिखलीहून गाडी आहे. रविवारी पहाटे शिवाजीनगरला ये. मला एकटीला उतरायला जमणार नाही.

निशी